बनी तो बनी, नहीं तो परभणी!

एक छोटी क्विझ. बाइकच्या पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबला आणि तो दगडासारखा कडक लागला, जेमतेम बोटभर हलला. ब्रेक चांगला की वाईट?

ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी सहा जणांना हा प्रश्न विचारला. सहाही जण म्हणाले, "चांगला! कडक म्हणजे शार्प." त्यातले चौघे इंजिनीअर. हसू नका, सातवा मी होतो आणि मीही इंजिनीअरच आहे. तोही मेकॅनिकल. डिग्री घरी परभणीत हॉलमध्ये फ्रेम करून लावलीय.

तर बॉस, गोष्ट माझ्या गाडीची. साडेसहाशे सीसीची ट्विन, २०१६ची, सेकंडहँड. पुढे दोन डिस्क, दोन कॅलिपर. एबीएस नाही, कारण १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं ते १ एप्रिल २०१९पासून. कंपनीचं नाव सांगत नाही. चूक त्यांची नव्हतीच.

गेल्या पावसाळ्यात गाडी सव्वादोन महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. काढली तर डावीकडचा कॅलिपर जाम. पिस्टन बाहेर आलेला आत जाईना, पॅड डिस्कला चिकटून घासतंय, दोन किलोमीटरवर डिस्क तव्यासारखी तापतेय. नवा कॅलिपर मागवायचा तर किंमत ऐकून मला घाम फुटला, वर सहा आठवड्यांचं वेटिंग.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मोबाइलवर मला 'ती' दिसली. कुणीतरी बनवलेली कॅफे रेसर. डावीकडून बघितलं तर पुढचं चाक मोकळं, स्वच्छ, नुसत्या तारा आणि रिम. सगळा ब्रेकचा पसारा फक्त उजवीकडे. काय दिसत होती राव! मी तो फोटो सेव्ह केला आणि मनातल्या मनात हिशेब झाला : एक कॅलिपर बिघडलाच आहे ना? मग काढूनच टाकू. पैसे वाचले, वजन कमी झालं, लुक फुकट. याला म्हणतात फंडा.

पुण्यातल्या एका कस्टम गॅरेजनं दोन तासांत काम केलं. डावा कॅलिपर काढला, डावी डिस्क काढली, तिकडे जाणारा पाइप काढला. साडेतीन हजार रुपये. काढलेला माल खोक्यात भरून हातात दिला. मी लिव्हर दाबून बघितला. आधी तो मऊ होता, निम्म्यापर्यंत आत यायचा. आता? एकदम कडक! गॅरेजवाला म्हणाला, "बघा, काय शार्प झालाय." मी मान डोलावली. गाडीसोबत फोटो काढला. दोनशे अकरा लाइक्स.

पुण्यात चार महिने काहीच झालं नाही. होणार काय? हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये माणूस ताशी पंधरा किलोमीटरनं सरकतो. तिथे चपलेनंसुद्धा गाडी थांबते. एक-दोनदा सिग्नलला गाडी झेब्रावर गेली, तेव्हा वाटलं पॅड घासले असतील.

फेब्रुवारीत परभणीला उरूस असतो. हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा. आमच्याकडे दिवाळीला एखादा नाही आला तर चालतं, उरुसाला नाही आला तर पोरं फोन करून करून पिडतात. पाळणे, सर्कस, बांगड्यांची दुकानं, पन्नास प्रकारचा हलवा आणि परातीएवढा पराठा. हिंदू-मुसलमान सगळं गाव तिथे. या वर्षी प्लॅन असा होता की मी आणि धाकटी बहीण, दोघं बाइकवरून जायचं. तीही पुण्यात नोकरी करते. हेल्मेट घेतलं, जॅकेट घेतलं, आईला खोटं सांगितलं की ट्रॅव्हल्सनं येतोय. आदल्या रात्री तिच्या मॅनेजरनं सुट्टी अर्धी कापली. चडफडत ती म्हणाली, "तू हो पुढे, मी उद्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघते."

हे वाक्य लक्षात ठेवा.

मी एकटा निघालो. पुण्याहून अहिल्यानगर (आमच्या तोंडी अजून नगरच आहे, बदलायला वेळ लागेल), पाथर्डी, माजलगाव, पाथरी, मानवत, परभणी. पावणेचारशे-चारशे किलोमीटर. गाडी जाम मस्त चालली. पाथर्डीला मिसळ, माजलगावला चहा. ढालेगावला गोदावरी ओलांडली की आमचा जिल्हा सुरू होतो. मी तिथे दर वेळी थांबतो, पाण्याकडे बघतो, उगाच. पाथरी मागे पडली तेव्हा सहा वाजून गेले होते. सूर्य मागच्या बाजूला बुडत होता आणि पुढे अंधार-उजेडाची ती वेळ, ज्याला आमच्याकडे दिवेलागण म्हणतात. फक्त रस्त्यावर कुणीच दिवे लावलेले नसतात.

ऊसतोडीचा सीझन. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, त्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोंबणारा ऊस. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर उसाखाली गाडलेला. मी ताशी ऐंशीवर होतो. समोर नुसता काळा ढीग दिसला आणि तो उभा आहे की चाललाय हे कळेना.

लिव्हर दाबला. हाताला सवय होती त्या जोरानं. चार वर्षं मी दोन डिस्कच्या गाड्या चालवल्यात. किती दाबलं की किती थांबतं, हे डोक्याला नाही, बोटांना माहीत असतं. बोटांनी त्यांचं काम केलं. गाडीनं अर्धंच केलं.

जो काळा ढीग हळूहळू जवळ यायला हवा होता, तो भराभर जवळ आला. मी आणखी दाबला. लिव्हर हलायचं नाव नाही, भिंतीला ढकलल्यासारखं. मागचा ब्रेक दाबला, चाक लॉक झालं, गाडी मागून शेपटी हलवल्यासारखी डावीकडे आली. तेव्हा मी काही विचार केला असं खोटं सांगणार नाही. हँडल डावीकडे गेलं, साइडपट्टी संपली, चाक खाली उतरलं आणि मी पऱ्हाट्यांमध्ये शिरलो. कापूस वेचून झालेलं रान. वाळलेल्या पऱ्हाट्या काडकाड मोडत होत्या. पंधरा-वीस पावलांवर गाडी आडवी झाली आणि इंजिन बंद पडलं.

गुडघा सोलटला. डावा आरसा गेला. बाकी काही नाही.

ट्रॅक्टरवाल्याला काहीच कळलं नव्हतं, तो गाणी लावून पुढे गेला. शेतावरून एक म्हातारे आजोबा आले. गाडी उभी करू लागले आणि म्हणाले, "कामून बाबा, रस्ता कमी पडला का?" मला हसू आलं नाही. मी मागच्या सीटकडे बघत होतो. तिथे बांधलेली सॅक पट्टा तुटून दहा फुटांवर पऱ्हाटीच्या खुंटांमध्ये जाऊन पडली होती.

घरी सांगितलं, घसरलो. पप्पांनी गुडघा बघितला, मग गाडी बघितली, मग पुढच्या चाकाच्या मोकळ्या बाजूकडे जरा जास्तच वेळ बघितलं. पप्पांनी पंचवीस वर्षं एम-एटी चालवलीय. त्यांना डिस्कमधलं काही कळत नाही, पण एका बाजूला भोकं आहेत आणि त्यात काही बसवलेलं नाही, एवढं दिसतं. म्हणाले, "सकाळी चाचाकडं दाखव."

चाचाचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, भिंतीवर पाने आणि एक बारका पोरगा. बुलेटपासून स्कूटीपर्यंत सगळं तिथे येतं. माझ्या गाडीएवढी मोठी गाडी चाचाकडे कधी आली नसावी, असा माझा आपला एक पुणेरी समज. चाचानं गाडी बघितली नाही, आधी लिव्हर दाबला. एकदाच.

"हे कुणी केलं?"

"पुण्यात केलं, चाचा. कडक झालाय ना आता? शार्प."

"कडक झाला म्हंजे ब्रेक वाढला, असं कुणी सांगितलं तुला?" चाचा म्हणाले. "बेटा, हा ब्रेक नाही, पत्थर आहे. तू काय शिकलाय म्हणे?"

मी सांगितलं. चाचा काही बोलले नाहीत. पोराला वीस रुपये देऊन मेडिकलमध्ये पाठवलं.

पोरगा दोन सिरिंज घेऊन आला, एक दहा एमएलची, एक दोनची. शेडमध्ये सलाइनच्या नळीचा तुकडा पडलेला होताच. चाचानं दोन्हीत पाणी भरलं, हवा काढली, नळीनं जोडल्या. मोठी माझ्या हातात दिली, बारकी पोराच्या. "दाब." मी अंगठ्यानं दाबायला लागलो. समोर नववी-दहावीतलं पोरगं, एका बोटानं बारक्या सिरिंजचा दांडा धरून उभं. मी दात-ओठ खाल्ले. पोरगं हसत होतं. मग चाचानं अदलाबदल केली. बारकी माझ्याकडे, मोठी त्याच्याकडे. मी सहज दाबलं, आणि त्या पोराचा अंगठा मागे सरकला.

"समजलं?"

समजलं. पहिल्या वर्षी शिकलो होतो, पास्कलचा नियम, आठ मार्कांचा प्रश्न. पाठ केला होता, आजच समजला.

आता तुम्हालाही सांगतो, कारण तुमच्यापैकी निदान चार जणांच्या मोबाइलमध्ये तो मोकळ्या चाकाचा फोटो सेव्ह असणार. हँडलवर लिव्हरपाशी असतो तो मास्टर सिलिंडर. त्यात एक छोटा पिस्टन. तुम्ही लिव्हर दाबता, तो पिस्टन ब्रेक ऑइल ढकलतो, ते ऑइल पाइपातून खाली कॅलिपरमध्ये जातं आणि तिथले मोठे पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतात. वर बारका, खाली मोठा, म्हणून हाताचा जोर वाढतो. किती वाढतो ते दोघांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणावर ठरतं.

चाचानं व्हर्नियर लावला. माझा मास्टर सिलिंडर १६ मिलिमीटरचा. कॅलिपरमध्ये २७ मिलिमीटरचे दोन पिस्टन, असे दोन कॅलिपर. मी तिथेच मोबाइलवर गणित केलं. कंपनीनं दिलेलं प्रमाण सुमारे ११.४ होतं. एक कॅलिपर काढल्यावर ते झालं ५.७. वर ढकलणारा तोच, खाली घेणारे निम्मे. ऑइल जायला जागाच निम्मी, म्हणून लिव्हर अर्ध्यातच थांबतो आणि हाताला वाटतं, वा, काय कडक! प्रत्यक्षात त्याच जोराला ब्रेक निम्मा लागतोय. सेम टू सेम ब्रेक हवा तर हातानं दुप्पट जोर लावायचा. ट्रॅक्टर दिसल्यावर तो कुणाला सुचतो?

मग रात्री झोप येईना म्हणून दुसरं गणित केलं. ताशी ऐंशीवरून चांगल्या दोन डिस्कनी, कोरड्या रस्त्यावर, गाडी साधारण ३१-३२ मीटरमध्ये थांबायला हवी. ब्रेकचा जोर घटून वेग कमी होण्याचा दर ०.८ जीवरून ०.५ जीवर आला, तर ५० मीटर. फरक १८-१९ मीटर. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून जवळपास तेवढेच भरतात.

आणि मागे बहीण असती तर वजन आणखी पन्नास किलो.

इथे एक गोष्ट क्लिअर करतो, नाही तर 'सिंगल डिस्क म्हणजे वाईट' असं डोक्यात घेऊन बसाल. तसं अजिबात नाही. रॉयल एन्फिल्डच्या इंटरसेप्टर ६५०ला पुढे एकच डिस्क आहे, ३२० मिलिमीटरची. ट्रायम्फची बॉनव्हिल टी १०० एका डिस्कवर चालते, तिचीच थोरली बहीण टी १२० दोनवर. कावासाकीचं तर एकच ६४९ सीसीचं इंजिन, निन्जा ६५०मध्ये बसवलं तर पुढे दोन डिस्क, व्हल्कन एसमध्ये बसवलं तर एक. ज्या होंडा सीबी ७५०नं १९६९ साली मोठ्या प्रमाणावर विकल्या जाणाऱ्या मोटारसायकलवर हायड्रॉलिक डिस्क आणली, तिलाही पुढे एकच होती. आणि गंमत बघा, तिचे मालक नंतर हौसेनं दुसरी बसवून घ्यायचे. आपण उलट्या दिशेनं चाललोय.

आपल्याकडे तर डिस्क हेच अप्रूप होतं. १९८३ साली आलेल्या राजदूत ३५०ला, त्या काळातल्या आपल्या सगळ्यात पळणाऱ्या गाडीला, पुढे ड्रम ब्रेक होता. पळायची भन्नाट, थांबायची देवाच्या भरवशावर. १९९९मध्ये सीबीझेड आली आणि कॉलेजच्या पार्किंगमध्ये पोरं गाडी सोडून तिच्या डिस्कला हात लावून बघायची.

मुद्दा हा, की कंपनी जेव्हा एक डिस्क देते तेव्हा ती दोनातली एक काढून देत नाही. ती मास्टर सिलिंडर वेगळा देते, कॅलिपरचे पिस्टन वेगळे, डिस्कचा आकार वेगळा, गाडीचं वजन आणि वेग धरून. मी फक्त एक वजाबाकी केली होती.

मी चाचांना विचारलंच, "मग नीट करायचं असेल तर? एकच ठेवून?" लुक अजून सुटत नव्हता हो. माणूस आहे.

चाचांनी बोटं मोजली. वरचा मास्टर सिलिंडर बदलावा लागेल. अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा लावला तर प्रमाण नऊपर्यंत येतं. ११चा लावला तर बाराच्या आसपास, म्हणजे हाताला पहिल्यासारखं लागेल. इथपर्यंत सोपं. पण मग जे काम दोन डिस्क वाटून घेत होत्या, ते सगळं एकीवर. ब्रेक म्हणजे काय, गाडीच्या वेगाची उष्णता करणं. माझ्यासकट तीनशे किलोच्या घरातला ऐवज ऐंशीवरून एकदा कचकन थांबवला तर सव्वा किलोची एक डिस्क एकदाच्याच दाबण्यात नव्वदेक अंशांनी तापते. दोन असल्या तर पंचेचाळीस. घाटात उतरताना असं लागोपाठ दहा वेळा होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ नवं असताना २३० अंशांच्या पुढे उकळतं, पाणी शोषल्यावर तीच मर्यादा १५५वर येऊ शकते. एकदा ऑइल उकळून त्यात वाफ झाली, की लिव्हर थेट हँडलला टेकतो. आणि आमच्या परभणीत मे महिन्यात सावलीतच त्रेचाळीस असतं.

म्हणजे मोठी डिस्क पाहिजे, चार पिस्टनचा दांडगा कॅलिपर पाहिजे, तो बसवायला ब्रॅकेट पाहिजे. "ब्रॅकेट लेथवर मी बनवून देतो," चाचा म्हणाले, "पण तू त्याच्यावर तुझ्या आईला बसवशील का?" मी गप्प.

(कायद्याचं पण सांगून टाकतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी स्पष्ट केलं. आरसी बुकावर ब्रेकचा रकाना नसतो, त्यामुळे हवालदार तुमचा कॅलिपर मोजणार नाही. अपघातानंतर इन्शुरन्सचा माणूस मात्र मोजू शकतो. आणि गाडीला एबीएस असेल तर या भानगडीत पडूच नका. त्याचं सगळं गणित कंपनीच्या ब्रेकवर बसवलेलं असतं.)

सगळ्यात वाईट अजून सांगायचंच आहे. चाचानं मास्टर सिलिंडरच्या बोल्टवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. ओलं. मुळात त्या बोल्टवर दोन पाइप होते, उजवीकडचा आणि डावीकडचा, म्हणून बोल्ट लांब. पुण्यात एक पाइप काढला, बोल्ट तोच ठेवला आणि उरलेली जागा भरायला तांब्याचे वायसर एकावर एक रचले. जुने, एकदा दाबले गेलेले. तिथून ऑइल झिरपत होतं. थेंब-थेंब. खाली मडगार्डचा रंग फुगून आला होता आणि मी समजत होतो की पुण्याचा पाऊस.

"अजून एक महिना," चाचा म्हणाले. पुढचं बोलले नाहीत.

ठरलं. दोनच्या दोन परत. पण डावा कॅलिपर आणि डिस्क तर पुण्यात, माझ्या फ्लॅटमध्ये, पलंगाखाली खोक्यात. रूममेटला फोन केला. तो बिचारा आधी नाना पेठेत गेला, चाचांनी सांगितलेल्या मापाचं सील किट घेतलं (सहाशे चाळीस रुपये, बस!) आणि सगळं खोकं रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकलं. त्याच ट्रॅव्हल्समध्ये, सीट नंबर अकरावर, माझी बहीण होती. सकाळी परभणीत उतरली ती खोकं कडेवर घेऊन. "काय आहे रे यात? दगड भरलेत का?"

"गाडीचं सामान आहे," मी म्हणालो.

कॅलिपर उघडणं मी पहिल्यांदा बघितलं. चाचानं कॉम्प्रेसरची हवा देऊन पिस्टन बाहेर काढला, समोर लाकडाचा ठोकळा आणि चिंधी धरून, बोटं लांब ठेवून. पिस्टनवर गंज नव्हता, नुसतं वाळलेल्या चिखलाचं कीट. खरी घाण सील बसतं त्या खाचेत होती. पावडरसारखी पांढरी. ती खरवडली. मी म्हणालो, "पेट्रोलनं धुऊ या का?" चाचानं माझ्याकडे असं बघितलं की डिग्रीची फ्रेम भिंतीवरून खाली आली असेल. पेट्रोल, डिझेल, साधं ग्रीस, यांतलं काहीही त्या रबराला लागलं की ते फुगतं, आणि पिस्टन पुन्हा जाम. फक्त ब्रेक ऑइलनं धुवायचं आणि तेच लावून बसवायचं.

आणि ते सील! मला वाटायचं ते फक्त गळती थांबवतं. ते चौकोनी कापाचं असतं. लिव्हर दाबला की पिस्टनबरोबर ते थोडं पिळवटतं आणि सोडला की आपल्या जागी येताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. पॅड डिस्कपासून सुटतं ते त्यामुळे. तिथे कुठली स्प्रिंग नसते. बाजारातली गोल रिंग कोंबली तर गळणार नाही, पण पॅड घासत राहील. म्हणजे पहिल्याच दिवशी सहाशे चाळीस रुपयांचं आणि दोन तासांचं काम होतं. नवा कॅलिपर लागतच नव्हता.

नवे वायसर, दोन पाइप, नवं डॉट ४. जुनं निघालं ते कडक चहाच्या रंगाचं. नवं फिकट मधासारखं. हवा काढायला अर्धा तास गेला. पोरगा लिव्हर दाबतोय, चाचा खाली निप्पल सोडतायत, "दाब... धर... सोड... दाब... धर..." बुडबुडे यायचे थांबले. मग लिव्हर माझ्या हातात दिला. मऊ. निम्म्यापर्यंत आला आणि तिथून घट्ट झाला. पहिल्यासारखा. चार महिने मी याला ढिला म्हणत होतो.

"किती झाले, चाचा?"

"बाराशे. आणि दोन सिरिंज तू घेऊन जा, हापिसात कामाला येतील."

आमच्याकडे जुनी म्हण आहे, बनी तो बनी, नहीं तो परभणी. जमलं तर जमलं, नाही तर परभणी आहेच. बाहेरचे लोक ती आम्हाला चिडवायला वापरतात. त्या दिवशी शेडबाहेर उभं राहून चहा पिताना ती मला अजिबात झोंबली नाही.

संध्याकाळी बहीण म्हणाली, चल, उरुसात. मागे बसली. नवे पॅड डिस्कवर बसायला तीस-चाळीस वेळा हलके ब्रेक मारावे लागतात, ताशी चाळीसवरून वीस, चाळीसवरून वीस. त्याशिवाय पूर्ण पकड येत नाही. मी स्टेशन रोडवर तेच सुरू केलं. दर वेळी तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्कन.

"अरे, काय चाललंय? सारखा ब्रेक का मारतोयस, दादा?"

"पॅड बसवतोय."

"कशाचे पॅड? काय झालं होतं गाडीला?"

गाडी कडेला घेतली आणि सांगितलं. फोटो, लाइक्स, पाथरीच्या पुढचा ट्रॅक्टर, पऱ्हाट्या, दहा फुटांवर पडलेली सॅक, सगळं. ती काही बोलली नाही. खाली उतरली, हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि उरुसाच्या मैदानापर्यंत चालत गेली. मी मागून, पहिल्या गिअरमध्ये.

येताना मात्र बसली. पराठ्याची पिशवी धरायला दुसरं कुणी नव्हतं.